पाणी कुठवर आलं? : रागावरच्या एका चित्रपुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

९ जून

ठरलं एकदाचं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रागावर एकच चित्रपुस्तक, मराठीत, २४ पानांचं. चित्रकार मैत्रिणीला नवरसांवर नऊ पुस्तकांचा संच हवा होता. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी रस आठच सांगितलेत, शांत मागाहून आला, असं म्हणून मी तिचं एक पुस्तक जागच्या जागी कमी केलं. उरलेल्या आठांवरून मात्र दुपारभर वाजलं. माझं म्हणणं, रस हा प्रेक्षकाच्या वाट्याचा. ज्याच्या हातातली गाडी आत्ता कुणी हिसकावली तो पोरगा जमिनीवर लोळतोय, त्याला प्रेक्षक व्हायला सवड कुठली? त्याच्यासाठी आधी एक तरी धड पुस्तक करू. शेवटी ती ‘बरं बाई’ म्हणाली.

खर्च दोघींचा. शिवाय काही मित्रमंडळींनी प्रतींचे पैसे आगाऊ दिलेत. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

१५ जून

बाजारात काय आहे ते बघून घेतलं. सावानात (नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४० सालापासूनचं), मेनरोडच्या दुकानांत, ओळखीच्यांच्या घरच्या कपाटांत. भावनांवरची पुस्तकं आता कमी नाहीत. पण बरीचशी एकाच साच्यातली. पहिल्या पानावर राग येतो, मधे दहापर्यंत आकडे मोजतात, शेवटच्या पानावर सगळे मिठी मारतात. भाषांतरित पुस्तकांत रागावलेल्या मुलाला त्याच्या खोलीत पाठवतात. सिडकोतल्या वन रूम किचनमध्ये पोराला कुठल्या खोलीत पाठवायचं? आमच्याकडे रुसलेलं पोर दाराआड जातं, पलंगाखाली जातं, फारच झालं तर शेजारच्या काकूंकडे जाऊन बसतं. काकू काही विचारत नाहीत, हातात खारी देतात.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. हल्ली बालवाडीच्या भिंतीवर गोल पिवळ्या चेहऱ्यांचा तक्ता असतोच: आनंदी, दुःखी, रागीट. मैत्रिणीला तो कायम डाचत आलाय, आता तिला आधारही सापडलाय. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये चेहऱ्यांवरच्या भावांबद्दलचं तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीनं ओळखता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात ती साधारण ३० टक्के वेळाच, आणि आठ्या तर डोळ्यांवर ऊन आलं तरी पडतात. तेव्हा आमच्या पुस्तकात राग भुवयांत काढायचा नाही. खांद्यांत, मुठींत, पायाच्या बोटांत, भिरकावलेल्या चपलेत काढायचा. एका पानावर पोर पाठमोरंच असेल.

२३ जून

मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या कडेची अंगणवाडी. पुस्तक होईपर्यंत तिथं येत राहायला ताईंची हरकत नाही.

खोली एकच. वजनकाटा, पोषण आहाराची पोती, तक्ते, कपाट, आणि मधे उरेल तेवढ्यात मुलं. त्यामुळे गोष्टी बाहेर, कडुनिंबाखाली. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं आणि मुलं जिथं असतील तिथं, अंगणात, शाळा नेली. तिथं तो विचार होता, इथं जागेची टंचाई आहे, पण मुलांना झाड मिळतंय हे खरं.

तासभर बसले तेवढ्यात पुस्तकाचे बरेच निर्णय आपोआप झाले. ग्लॉस लॅमिनेशन बाद, कारण उन्हात पान चमकलं की मागच्या रांगेला काही दिसत नाही, मॅट करायचं. ताई पुस्तक मुलांकडे वळवून धरतात आणि स्वतः मान वाकडी करून वाचतात, म्हणून एका पानावर दोनच ओळी, म्हणजे चार वेळा वाचल्यावर त्यांना पाठच होतील. चित्रातली रेघ जाड. नाजूक जलरंग घरी मांडीवर बसून बघायला छान, पंधरा फुटांवरून त्यांचा नुसता डाग दिसतो. मैत्रिणीला हे पटलं पण आवडलं नाही.

निघताना ताईंनी विचारलं, ‘पुस्तकानं राग कमी होतो का हो मॅडम?’

२ जुलै

ताईंचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून वाचत बसले. ‘भावनेला नाव दिलं की ती ओसरते’ हे वाक्य पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असतं. त्यामागचा प्रयोग खरा आहे. यूसीएलए विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की रागीट किंवा घाबरलेल्या चेहऱ्यातल्या भावनेला शब्दांत नाव देताना मेंदूतल्या अमिग्डालाची (भीती-रागासारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची) हालचाल मंदावते. पण ती मोठी माणसं होती, स्कॅनरमध्ये स्वस्थ पडलेली, आणि राग त्यांचा स्वतःचा नव्हता, फोटोतल्या माणसाचा होता. त्यावरून ‘तुला राग आलाय बरं का’ असं चार वर्षांच्या पोराला ऐकवलं की ते गप्प होईल असं मानणं म्हणजे बादरायण संबंध.

माझ्या उपयोगाचं दुसरीकडे सापडलं. सेलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दीड आणि अडीच वर्षांच्या मुलांचे आईवडील चित्रपुस्तक दाखवताना कसं बोलतात ते पाहिलं. ज्यांनी मुलालाच विचारलं, याला काय झालंय, हा का रडतोय, त्यांची मुलं मदत करायला आणि वाटून घ्यायला चटकन पुढे होत होती. आईबाप स्वतः भावनांबद्दल किती बोलले याचा त्याच्याशी तसा संबंध दिसला नाही. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर असं वाचायला लावलं की नुसतं वाचायचं नाही, विचारायचं, मुलाच्या उत्तरात भर घालायची. ती मुलं बोलण्यात पुढे गेली. तो अभ्यास भाषेचा होता, भावनांचा नाही, हे लक्षात ठेवायचं.

मजकूर निम्मा कापायला घेतला. ‘मला खूप खूप राग आला, कारण त्यानं माझी वस्तू मोडली आणि मला वाईट वाटलं’ ही ओळ पूर्ण गेली. ते सगळं मुलांनी म्हणायचंय.

१० जुलै

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय. होळकर पुलावर ही गर्दी. येणारा-जाणारा एकच विचारतो, मारुतीला कुठवर लागलं?

नाशिकबाहेरच्यांसाठी: रामकुंडाशी दुतोंड्या मारुतीची भली मोठी मूर्ती आहे, पाठीला पाठ लावलेली दोन तोंडं. आमचं पूर मोजायचं माप तेच. किती क्युसेकचा विसर्ग ते वर्तमानपत्रात येतं, पण गावाला कळतं ते गुडघा, कंबर, छाती, गळा अशा हिशोबात. छातीला लागलं म्हटलं की भांडी बाजार, सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. म्हातारी माणसं अजून १९६९ चा पूर काढतात, आमच्या वयाची २००८ चा आणि त्यानंतरची २०१९ चा.

मैत्रीण कठड्याला रेलून बघत होती. मग पर्समधून किराण्याचं बिल काढून त्याच्या मागे तिनं एक उभं पोर काढलं, आणि पोराच्या आत गुडघ्यापर्यंत पाणी. ‘अगं, हेच. राग खालून चढतो.’

पुढचं पोर कमरेपर्यंत. त्याच्या पुढचं गळ्यापर्यंत. बिल संपलं.

१३ जुलै

गोष्ट कुठली, यावर दोन दिवस गेले. ठरली ती दिवाळीतल्या किल्ल्याची. पोरानं अंगणात माती कालवून किल्ला केलाय, बुरुज, गुहा, पायऱ्या, वर सिंहासनावर महाराज, खाली मावळे, उतारावर पेरलेले अळीव. धाकटं भावंड रांगत येतं आणि महाराजांसकट सिंहासनावर बसतं. बाकी काही घडत नाही. रागाला एवढं कारण पुष्कळ आहे.

मैत्रिणीला पोराच्या जागी सशाचं पिल्लू काढायचं होतं, कारण ससे खपतात. टोरंटोत निकोल लार्सन, कांग ली आणि पॅट्रिशिया गानेया यांचा २०१८ चा प्रयोग तिला दाखवला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन तऱ्हांनी वाचून दाखवली, एकीत माणसं, एकीत कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांच्यात तशी वाढ झाली नाही. एका प्रयोगावर सगळं ठरवू नये हे मलाही कळतं. पण किल्ला करणारा ससा मला तसाही बघवला नसता.

२१ जुलै

पेन्सिलीतली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, घेऊन अंगणवाडीत. या डमीत प्रत्येक पानावर एका कोपऱ्यात दुतोंड्या मारुती होता आणि पोराबरोबर त्याच्याही अंगावर पाणी चढत होतं. आम्हा दोघींना ती जोडी फार आवडली होती.

कमरेचं पान आलं आणि एक मुलगी म्हणाली, ‘मारुती बुडतोय.’

झालं. त्याला कोण काढणार, दोरी लागेल का, त्याला पोहता येतं का. एकजण ठासून म्हणाला, येतं, तो लंकेला उडत गेला होता. उडतो म्हणजे पोहता येतं असं नाही, यावर मागच्या रांगेत भांडण. किल्ला, भाऊ, राग, सगळं वाहून गेलं. ‘हे पाणी म्हणजे त्याचा राग’ हे ताईंनी दोनदा सांगून पाहिलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा मारुतीकडे वळली. या वयात चित्रातलं पाणी पाणीच असतं.

मारुती पुस्तकातून बाहेर. चढत जाणारी खूण तेवढी पोराच्या अंगात ठेवायची.

एक मात्र वहीत टिपून ठेवलं. पाचेक वर्षांच्या एकीनं विचारलं, त्याला दोन तोंडं कशाला? ताई म्हणाल्या, तूच सांग. ‘पुढच्यानं रागावतो, मागच्यानं हसतो. कुणाला कळत नाही.’ एकाच वेळी दोन उलट भावना मनात असतात हे मुलांना सांगता येऊ लागतं ते साधारण सात-आठच्या पुढे, असं वाचलं होतं. हिनं तर त्यातली लबाडीसुद्धा ओळखली होती.

३० जुलै

धो धो पाऊस. वाचन आत, पोत्यांवर. नवी डमी, बिनमारुतीची.

ताईंनी पहिल्यांदा त्यांच्या पद्धतीनं वाचलं. ‘बघा, याला राग आला. राग चांगला असतो का? आपण रागवायचं का?’ ‘नाऽऽही!’ सगळे एका सुरात. कुठलं उत्तर द्यायचं ते मुलांना बरोब्बर कळतं. एकजण ‘नाही’ म्हणता म्हणता शेजारणीची रिबीन ओढत होता.

मग त्यांना विनंती केली, पुन्हा वाचा, पण सांगू काही नका, फक्त विचारा, तुमच्या कुठवर येतं?

आधी कुणीच बोललं नाही. मग एकीनं गुडघ्याला हात लावला आणि पटकन काढला. तिच्या शेजारचीनं गळ्याला. एक उभी राहिली, हात डोक्याच्या वर नेला, तेवढं पुरेना म्हणून टाचा उचलल्या. एकजण म्हणाला, मला येतच नाही, तर त्याचा मित्र म्हणाला, ‘काल आला होता, तू माझी पाटी चाटली.’ (पाटी चाटण्याचा आणि रागाचा संबंध काय, ते विचारायचं राहून गेलं.)

एक बारका, रेनकोटही न काढलेला, मागे बसला होता. त्यानं हात पुढे केला आणि कोपराला बोट लावलं. ‘इथपर्यंत.’ बाकीचे हसले. ताईंनी विचारलं, मग पुढे काय होतं रे? त्यानं मूठ वळून दाखवली. ‘मग हात जातो.’

ताई माझ्याकडे बघायला लागल्या. हा रोज कुणाला ना कुणाला मारतो म्हणून त्याच्या आईला त्या सारख्या बोलावून घेतात. ती बिचारी बागेतलं काम टाकून येते, त्याच्या पाठीत एक धपाटा घालते आणि परत जाते.

संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला. छाती आणि गळा यांच्या मधे एक पान वाढवायचं: नुसता एक हात, कोपर ते मूठ, पूर्ण पानभर. ओळ एकच: ‘आता हात जाईल.’ जातो की नाही ते पुस्तक सांगत नाही. गळ्याच्या पानापुढचं जोडपान शब्दाविना, नुसतं डोक्यावरून गेलेलं पाणी.

८ ऑगस्ट

रंगांचा दिवस. राग म्हणजे लाल, हे मैत्रिणीला नकोच होतं, आणि मुलांनीही लाल बघून ‘कुंकू’, ‘टमाटा’, ‘नवरीची साडी’ असंच सांगितलं. पुराचा गढूळ तपकिरी घेतला. चार रंगांच्या छपाईत तो मेलेला दिसतो, असं छपाईवाल्या काकांचं म्हणणं. काळा कमी करून किरमिजी थोडा वाढवायचा.

२० ऑगस्ट

मजकूर बसला. पोराला नाव दिलेलं नाही. मुलगा की मुलगी तेही दिसू नये म्हणून ‘मी चिडलो’, ‘मी चिडले’ दोन्ही टाळून ‘मला राग आला’, ‘माझा किल्ला’, ‘माझे पाय’ असंच सगळीकडे निभावलं. केस विस्कटलेले, अंगात बनियन आणि चड्डी. अंगणवाडीत अर्ध्या मुलांना तो मुलगा वाटला, अर्ध्यांना मुलगी, आणि आपलं म्हणणं बरोबर याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पूर ओसरतो त्याची पानं चढण्याच्या पानांपेक्षा जास्त झालीत. ती तशीच राहू द्यायची. राग चढतो भराभर, उतरायला वेळ घेतो.

२ सप्टेंबर

एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेला दोनशे प्रती हव्यात. अट एक: शेवटच्या पानावर मोठ्यानं धाकट्याला ‘सॉरी’ म्हणायचं, किंवा धाकट्यानं मोठ्याला. कुणी का असेना, सॉरी हवं.

आमचं शेवटचं पान असं आहे: पाणी पायाच्या घोट्याशी, किल्ला मोडलेलाच, सगळीकडे चिखल. धाकट्यानं एक मावळा उलटा, डोक्यावर उभा करून ठेवलाय. मोठं पोर त्याच्याकडे बघतंय. बस्स.

‘दोनशे प्रती गं,’ मैत्रीण म्हणाली. हिशोब तिचा बरोबर आहे, कागदाचे पैसे तेवढ्यात निघाले असते. पण सॉरी आलं की पुस्तक तिथंच संपतं. मूल सगळी पानं भरभर उलटून तिथं पोचायला शिकतं, जसं ते गुन्हा करून ‘सॉरी’ म्हणून मोकळं व्हायला शिकलंय. धाकट्यानं तो मावळा का ठेवला यावर अंगणवाडीत पंधरा मिनिटं चर्चा चालली होती. कुणी म्हणालं, तो मदत करतोय. कुणी म्हणालं, अजून मोडायचं म्हणून. एकीचं मत, त्याला कळतच नाही, तो बाळ आहे. ही पंधरा मिनिटं दोनशे प्रतींना विकायची नाहीत असं दोघींनी ठरवलं, मग चहा केला आणि थोडा वेळ दोघी गप्प होतो.

१७ सप्टेंबर

ताईंनी विचारलं, रागाचं झालं, भीतीचं कधी? मुलांनाच विचारलं, कशाची भीती वाटते. भुताची, इंजेक्शनची, अंधाराची या उत्तरांची मी वाट पाहत होते. ‘बिबट्या’, तिघे-चौघे एकदमच.

भीतीच्या पुस्तकांचा ठरलेला शेवट असतो, पलंगाखाली वाकून बघितलं तर तिथं काहीच नव्हतं. इथं आहे. निफाड-सिन्नरच्या उसात आहे, आता शहराच्या वस्तीतही येतो. एका मुलीच्या आजोबांचं कुत्रं गेलंय. तिला ‘घाबरू नकोस, काही नसतं’ म्हणणारं पुस्तक खोटं बोलेल आणि तिला ते कळेल. तिची भीती बरोबर आहे, तिला कामाला लावायची आहे. वनखातं सांगतं तेच: तिन्हीसांजेनंतर एकट्यानं बाहेर नाही, मोठ्यांबरोबर, बॅटरी घेऊन, बोलत-गात जायचं, वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस त्याला सावजासारखं दिसू शकतं.

या पुस्तकात हे कोंबायचं नाही. वेगळी वही केली.

२९ सप्टेंबर

छपाई दिवाळीआधी होत नाही. अंबडची प्रेस दिवाळी अंक आणि कॅलेंडरांनी तुडुंब आहे. काका म्हणाले, ‘ताई, आत्ता घातलं तर घाईत छापेन, मग तुम्हीच बोल लावाल.’ खरं आहे.

कागदाचं बोलून घेतलं. २३ बाय ३६ च्या शीटवर आमच्या आकाराची आठ पानं एका बाजूला बसतात, म्हणजे सोळा पानांचा फर्मा. आमचं पुस्तक दीड फर्म्याचं. आत १३० जीएसएम मॅट आर्ट, कव्हर ३००. मधे पिना नकोत, सैल झाल्या की लहान मुलांच्या बोटांत जातात, दोऱ्याची शिलाई. तिनं दर थोडा चढतो. कोपरे गोल मारायचेही पैसे वाढतात, पण तीन वर्षांचं मूल पुस्तक हातात घेतं तसंच तोंडातही घेतं.

२४ ऑक्टोबर

छपाई लांबल्याचा फायदा झाला. मैत्रीण दिवाळीत कॉलनीतले किल्ले बघत हिंडली आणि चार पानं नव्यानं काढली. आमच्या चित्रातला किल्ला फार नेटका होता. खरा किल्ला विटांच्या तुकड्यांवर पोतं टाकून, त्यावर चिखल थापून होतो, पोत्याचं एक टोक कुठून तरी बाहेर राहतंच, आणि मावळ्यांच्या रांगेत एक प्लॅस्टिकचा डायनासोर असतो. डायनासोर घेतला.

१९ नोव्हेंबर

सकाळी प्रेसमधून फोन. ‘ताई, १४ आणि १५ नंबरच्या पानांवर मजकूर आलेला नाही. फाइल पुन्हा पाठवा.’

म्हटलं, काका, ते तसंच आहे.

‘कोरं?’

कोरं नाही, चित्र आहे की.

‘चित्र आहे. पण तिथं वाचायचं काय?’

तिथं वाचायचं नाही, थांबायचं आहे, असं सांगितलं. ते जरा वेळ थांबले आणि म्हणाले, गिऱ्हाईक पुस्तक परत आणून देईल. मग प्रुफं (छपाईचे नमुने) बघायला गेले तर त्यांचा नातू मशीनजवळच्या स्टुलावर बसून तेच जोडपान बघत होता. काय दिसतं रे, म्हटलं. ‘हा आतून ओरडतोय.’ काकांनी त्याला खाली उतरवलं, मशीनजवळ बसायचं नाही म्हणून दटावलं आणि माझ्या हातात सहीसाठी पेन दिलं.

तपकिरी दुसऱ्या प्रुफात जमला. एका पानावर पोराचा डोळा नेमका घडीत जात होता, चित्र अर्धा इंच डावीकडे सरकवलं.

५ डिसेंबर

शेवटच्या कव्हरवर मोठ्यांसाठी चार ओळी. पहिल्या मसुद्यात पानभर होतं. मैत्रीण म्हणाली, वाचणार कोण? उरलं ते असं:

मूल रागात असताना हे पुस्तक काढू नका. सगळं शांत असताना वाचा. ‘तुझ्या कुठवर येतं?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर आलं नाही तर पान उलटा. तुमच्या कुठवर येतं, तेही सांगा.

शेवटची ओळ ताईंची. वाचनाच्या वेळी मुलांनीच त्यांना विचारलं होतं, ताई, तुमच्या? आणि त्यांनी हात कपाळाला लावला होता.

१९ डिसेंबर

गठ्ठे आले. शाईचा वास अजून आहे, दोन दिवस उघडे ठेवायला सांगितलंय. आगाऊ पैसे दिलेल्यांच्या प्रती बाजूला काढल्या. सावानाला दोन. अंगणवाडीला पाच, कारण एक नक्की फाटणार, एक कुणीतरी घरी नेणार.

ताईंना त्या कोपरवाल्या मुलाचं विचारलं. मारणं थांबलेलं नाही. आता मारण्याआधी ‘ताई, कोपर!’ असं ओरडतो, तेवढ्यात त्या पोचल्या तर वाचतं. कधी कधी मारून झाल्यावर ओरडतो. त्याच्या आईला त्यांनी यावेळी तक्रारीसाठी नाही, पुस्तक दाखवायला बोलावलं होतं. तिला वाचायला वेळ नव्हता, बागेत डिपिंग (द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम) चालू आहे. उभ्याउभ्या पानं उलटली, हाताच्या पानापाशी थांबली, मुलाला विचारलं, हे तू सांगितलं? तो म्हणाला, हो. पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेली. पाचातलं एक असं पहिल्याच दिवशी गेलं.

जानेवारीत बिबट्याच्या वहीतली पहिली डमी. ताईंची सूचना: आजोबांच्या कुत्र्याचं त्यात घ्यायचं असेल तर आधी त्या मुलीला विचारा.